पोराला सुट्टीत रानात घालायचं का? (शेतातलं बालपण आणि जबाबदारी)

काळंरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दिवाळीची सुट्टी तोंडावर आलीय आणि घरात वाद पेटलाय, म्हणून हा धागा.

मी मूळचा मंगळवेढा तालुक्यातला, नोकरीमुळं बरीच वर्षं जुळे सोलापुरात. पोरगा सहावीत. यंदाची सुट्टी त्यानं गावी आज्ज्याजवळ काढावी, तीही नुसती हुंदडण्यात नाही तर रानातलं एखादं काम अंगावर घेऊन, असं मला वाटतं. बायकोला पटत नाही. ती पण शेतकऱ्याचीच लेक, त्यामुळं 'तुला काय कळतंय त्यातलं' म्हणायची सोय नाही. तिचं म्हणणं एवढंच, की महिन्याला पगार यायला लागला की शेत सगळ्यांनाच गोड लागतं.

माझी बाजू मांडतो. आमच्याकडं रब्बीची ज्वारी, मालदांडी. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला भरवशाचा तो परतीचा. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेरायचं आणि पुढं चार महिने काळ्या रानातल्या ओलीवर पीक काढायचं. ओल उडाली की पुन्हा पेरायला जागा नाही. अशा पेरणीला अण्णा (माझे वडील) तिफण, म्हणजे बैलांनी ओढायची तीन फणांची पाभर, हाकायचे, आई चाड्यावर (बी सोडायच्या वाटीवर) मूठ धरायची आणि मागं आम्ही भावंडं. आमचं काम एकच, नळं (चाड्यातनं फणापर्यंत बी नेणारी नळी) तुंबलं का बघायचं. रान ओलं असलं की फणाच्या टोकाला चिखल बसतो, खाली दाणा पडायचा थांबतो आणि चाड्यावरच्या माणसाला लगेच पत्ता लागत नाही. ते बघायला मागनं कुणीतरी लागतंच.

अण्णांपुढं घरात आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. पण माझी थोरली बहीण, दहा वर्षांची असंल, "थांबाऽऽ, मधलं नळं!" म्हणून ओरडली की अण्णा जागच्या जागी बैल थांबवायचे. काडीनं नळं मोकळं करायचं, मागं जाऊन रिकाम्या तासात (पेरणीच्या ओळीत) हातानं दाणं टाकायचं, ती 'हाणा' म्हणाली की तिफण पुढं. तिची नजर चुकली असती तर आठवड्यानं उगवण झाल्यावर ते मोकळं तास अख्ख्या शिवारानं बघितलं असतं, आणि पार ज्वारी उपटेपर्यंत बघत राहिलं असतं.

माझ्या पोराच्या आयुष्यात असं एकही काम नाही, की ज्यात त्याच्या शब्दावर मोठं माणूस थांबतं. "जबाबदार हो" असं आम्ही त्याला रोज सांगतो, आणि डबा विसरला तर मीच गाडी काढून शाळेत देऊन येतो.

तुमचे अनुभव सांगा. सुट्टीपुरतं नेऊन काही होतं, का ते नुसतं आपल्या मनाचं समाधान?

गुळभेंडी

मुद्दा गंभीर आहे, मान्य. पण दिवाळीत ज्वारी जेमतेम गुडघ्याला असते, पोराला कोळपणी दाखवून काय मिळणार? जानेवारीत न्या. राखणीला बसवा, गोफण द्या, वर हुरडा खाऊ घाला. शेंगदाण्याची चटणी आणि दही घरनं न्यायला विसरू नका.

पूर्वभाग

काळंरान, तिफणीचं वाचून मजा आली, पण जबाबदारी काय फक्त काळ्या रानातच उगवते का ओ? आम्ही सोलापुरात पूर्व भागात वाढलो. घरात एक एकर सोडा, अंगणसुद्धा नाही. आजी विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवून ठेवायची, सकाळी पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, मग सूप मांडीवर घेऊन बसायची. दोरा गुंडाळून झाला की विडीचं तोंड दुमडायचं काम आम्हा पोरांकडं. दुमड सैल पडली तर कारखान्यात छाट निघायची, छाट निघाली की तेवढे पैसे गेले. संध्याकाळी आजी परत आली की तिच्या तोंडाकडं बघूनच आम्हाला कळायचं आज किती छाट निघाली ते.

म्हणजे तुम्ही म्हणता ते सगळं आमच्याकडं पण होतं. आपल्या कामावर घराचं अडतं हे आम्हाला लहानपणीच माहीत होतं. पण आजीनं आम्हाला तंबाखू भरून विडी वळायला कधीच शिकवलं नाही. मुद्दाम. मागितलं तर हातावर फटका द्यायची. तिला आमच्या हाताला ते वळण लावायचं नव्हतं. त्यामुळं कष्टातनं संस्कार होतात वगैरे कुणी बोललं की मला तो फटका आठवतो.

आबा_सांगोला

पूर्वभाग यांच्याशी बराचसा सहमत. मी १९७२ च्या दुष्काळातला मुलगा, तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. आईवडील दुष्काळी कामावर, पाझर तलावाची माती उचलायला. मुलांना सुकडी मिळायची. रेशनला मिलो नावाची तांबडी ज्वारी, परदेशातनं आलेली. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटा, थापता थापता आईच्या हातात मोडायची. बैल विकले होते. एक खिल्लार गाय तेवढी वडिलांनी ठेवली आणि तिचं सगळं माझ्याकडं सोपवलं.

वैरण कुठली? बाभळीच्या शेंगा, लिंबाचा पाला, ओढ्याच्या कडेला असेल नसेल ते. वडील अंधार पडल्यावर कामावरून यायचे, पाय धुवायच्या आधी मला विचारायचे, "उद्याला पुरंल का?" मी पुरंल म्हटलं तर ते झोपायचे. नाही म्हटलं तर पहाटे उठून कोस-दीड कोस जाऊन भारा आणायचे आणि मग मातीकामावर जायचे. खरंच कमी आहे का, हे त्यांनी गोठ्यात जाऊन कधी तपासलं नाही. आता साठी उलटली तरी माझ्या डोक्यात बसलंय ते हे, गायीचे हाल नव्हेत. मी नाही म्हटलं की त्यांची झोप जाते, म्हणून मी दुपारीच जास्तीचा पाला आणून ठेवायला लागलो.

पण त्याच वर्षी माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांची शाळा सुटली आणि ती सुटलीच. त्यांच्यावरही जबाबदारी होती, माझ्यापेक्षा जास्त होती. आम्ही वर आलेले लोक 'दुष्काळानं घडवलं' म्हणून सांगत बसतो. ज्यांना दुष्काळानं मोडलं त्यांना भाषणाला कोण बोलावतो?

गुळभेंडी

आबा, दंडवत. मिलोबद्दल आजीकडून ऐकलं होतं. हुरड्याची कमेंट मागं घेत नाही, पण जरा खाली बसतो.

कोपीवरची_शाळा

मी शिक्षिका, माढा तालुक्यात. दिवाळीनंतर साखर कारखान्यांची धुराडी पेटली की आमच्या भागात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून. नवरा-बायको मिळून एक कोयता (तोडणीची एक जोडी), आणि कोपीत, म्हणजे टोळीच्या झोपडीत, त्यांची मुलं. त्यांचंही बालपण शेतातच जातं बरं का. फक्त शेत दुसऱ्याचं.

सात-आठ वर्षांची मुलगी कडेवर भावंड, चुलीवर भाकरी, वर वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) पेंढ्या बांधायला आईला मदत, हे सगळं एका वेळी करते. जबाबदारीच्या परीक्षेत धागाकर्त्यांच्या मुलाला ती शंभरदा हरवेल. पण मार्चपर्यंत वर्गात नसते, आणि परत गावी गेली की मागं पडलेली असते. मुलं गावीच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते, पण कितीतरी आया मुलीला मागं ठेवायला धजत नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नसते.

'शेतातलं बालपण' म्हणताना आपण बांधावरच्या मालकाच्या पोराबद्दल बोलतोय हे तरी मान्य करू या. त्याला काम झाल्यावर शाळा आहे, घर आहे, आणि कंटाळा आला तर न्यायला येणारा बाप आहे. शिकवण मिळायला ही सोय आधी लागते.

काळंरान

मॅडम, तुमचा मुद्दा डोक्यात राहिला. गावाकडं आमच्या रानात जो गडी होता, त्याचा आमच्या बरोबरीचा मुलगाही पेरणीत आमच्यासारखा मागंच असायचा. अण्णा त्याच्या ओरडण्यावर बैल थांबवायचे का, हे आज सकाळपासून आठवून बघतोय.

बहार

घरची डाळिंबाची बाग, सांगोला तालुका. धाग्यात जबाबदारीवर बरंच आलं, चिकाटीवर कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. जरा लांबेल.

डाळिंबाला बहार (फुला-फळांचा हंगाम) धरायचा म्हणजे आधी बाग ताणावर सोडायची. पाणी तोडायचं. हिरवीगार बाग डोळ्यांदेखत सुकायला लागते, पानगळ होते. लहान होतो तेव्हा मला वाटायचं, दादा (माझे वडील) झाडं मारतायत. मग छाटणी, खत, पहिलं पाणी, आणि काही दिवसांत फुटवे. तिथून फळ हाताला यायला पाच-सहा महिने. एवढं सगळं केल्यावर काढणीच्या तोंडावर आभाळ यायचं, दमट हवेत तेल्या पसरायचा, फळावर काळे तेलकट डाग, मग तडकायचं. सगळी रोगट फळं गोळा करून बागेबाहेर काढायची, हे काम आम्हा मुलांचं. हात पाय कोळशासारखे काळे व्हायचे, पण कुणी रडत बसायचं नाही, कारण एक जरी फळ बुडात राहिलं तर रोग तिथंच मुक्काम करणार.

ही चिकाटीच ना? मी पण तसंच समजत होतो. पण आमच्या शेजारच्या बांधावर एक काका होते, ते दर वर्षी तेच औषध, तीच मात्रा, त्याच दिवशी मारायचे आणि दर वर्षी हरायचे. गाव म्हणायचं, काय चिकाटीचा माणूस. दादांनी दुसऱ्या खराब हंगामाला रोगट फांदी पिशवीत घातली आणि सोलापुरात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे तिथं घेऊन गेले. मला बरोबर नेलं. चौथी शिकलेला माणूस, शर्टाची वरची गुंडी लावून, शास्त्रज्ञांना 'साहेब, हे का होतं' विचारत होता. पुढं बहार बदलला, पावसाळ्यात फळ झाडावर राहणार नाही असा धरला. त्यावरही मर रोग आला आणि खोडाला भुंग्यानं पोखरलं, तेव्हा दादांनी निम्मी बाग सरळ उपटून टाकली. गेल्या काही वर्षांत आमच्याकडं कित्येकांनी उपटली. उपटायच्या दिवशी आई बागेत आली नाही.

तेव्हा शेती चिकाटी शिकवते हे अर्धंच खरं. बापाला नुसतं राबताना बघून पोरगं राबायला शिकतं. कुठं थांबायचं, कुणाला विचारायचं हे त्याला बरोबर नेल्याशिवाय कळत नाही. माझा धाकटा भाऊ तेव्हा केगावला आला नव्हता. आजही त्याच्या हातात असतं तर तो ती बाग ठेवून बसला असता.

सीनाकाठची

सगळं वाचलं. काळंरान, तुमच्या पोस्टमध्ये मला सगळ्यात आवडलेलं माणूस तुमची बहीण. ती पुढं काय करते?

आमच्या घरात मी आणि दोन भाऊ. भावांना दादा (आमचे वडील) बाजार समितीत न्यायचे. कांद्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) कशी वाचायची, हमाली-तोलाई किती कापली, आडत्याशी कसं बोलायचं, हे ते तिथं शिकले. मी खुरपणी, वेचणी, धारा, शेण, पाणी. कामाला मी त्यांच्यापेक्षा कमी नव्हते, आईला विचारा. पण पट्टी माझ्या हातात कधी पडली नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर आमच्यासाठी तिफण कधी थांबली नाही. आम्ही फक्त मागं चाललो.

आणि तरी एक सांगते, कारण धाग्याला धरून आहे. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला तेव्हा रात्री पाणी माहेरच्या वस्तीत शिरलं. भाऊ पाण्याच्या मोटारी काढायला नदीकडं गेलेला. घरी वहिनी, आई आणि आठवीतली भाची. भाचीनं कुणाला न विचारता विळा घेतला आणि सगळी दावी कापली. म्हशी आपल्या आपण उंचावरच्या शाळेकडं निघाल्या. गाठी सोडत बसली असती तर वेळ पुरला नसता. पाण्यानं फुगलेली गाठ सुटत नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ दाव्यांचे तुकडे बघून म्हणाला, "नवी दावी होती की गं." वहिनी त्याला काय बोलली ते इथं लिहिता येणार नाही.

तर प्रश्न असा, तुम्ही 'पोरगा' लिहिलंय. घरात मुलगी आहे का?

काळंरान

आहे, नववीत. बहीण पंढरपूरला असते, अंगणवाडीचं काम बघते, आणि अजूनही आमच्या घरात तीच 'थांबा' म्हणते.

दावेदार

धाग्यात वाद वाढण्याआधी कायद्याचं सांगून ठेवतो. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याही कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात किंवा घरच्या व्यवसायात मदत चालते, तीही शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, शिक्षणाला धक्का न लागता, आणि काम धोक्याचं नसेल तर. त्यामुळं घरच्या रानात दारं धरायला (पिकाला पाणी द्यायला) हरकत नाही. शेजाऱ्याच्या रानात रोजानं पाठवलं तर तो गुन्हा.

छावणीतली_दहावी

आबांचा १९७२, माझा २०१३. मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडचं गाव. आज्जा चार जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला होता आणि मी शाळा सुटली की त्याच्याकडं. दहावीचा अभ्यास तिथंच केला. वैरण वाटायची वेळ झाली की आपल्या दावणीला माणूस हजर पाहिजे. नसला तर आपलं राहिलं. आज्ज्याला संध्याकाळचं नीट दिसायचं नाही, म्हणून मोजून घ्यायचं काम माझं. ऊस आणि वाढं, ते पण कोयत्यानं बारीक तुकडे करून घालावं लागायचं, नाहीतर म्हातारी गाय नुसती चघळून टाकून द्यायची.

लोक विचारतात, छावणीत राहून कसा अभ्यास केलास, केवढी जिद्द. जिद्द कसली, घरी तरी कुठं वेगळं होतं? उलट छावणीत रात्री दिव्याची सोय होती, आज्जा नऊला झोपायचा, आणि गावात असती तशी मित्रांची टोळी नव्हती. माझ्या अभ्यासाचं श्रेय दुष्काळाला देऊ नका. आज्ज्याला द्या, तो पेपरच्या आदल्या रात्री म्हणाला, "आज मी मोजतो, चुकलं तर चुकलं."

बहार यांची पोस्ट पटली.

गुळभेंडी

धाग्याची पातळी बघता हुरडा पार्टीचं निमंत्रण सगळ्यांना माझ्याकडून. पूर्वभाग, तुम्ही शेंगाची पोळी आणा.

पूर्वभाग

आणतो की. वाटलं तर चादर पण आणतो, बसायला.

काळंरान

बायको सगळा धागा वाचून गेली. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत टाकतो, तिनं तोंडी सांगितलं आणि मी टंकलं:

"दोघंही जातील. पण दोन अटी. पहिली, मुलांना 'अनुभव' म्हणून पाठवायचं नाही. आज्ज्याला खरंच ज्या कामाला माणूस कमी पडतंय तेच द्यायचं. सध्या सासऱ्यांना डेअरीच्या पावत्या वाचता येत नाहीत, फॅट किती लागली, दर किती धरला, दहा दिवसांचं बिल बरोबर आलं का, हे बघायला कुणी नाही. ते मोठीनं बघायचं, आणि तिनं चूक काढली तर सासऱ्यांनी तिच्याबरोबर डेअरीत जाऊन बोलायचं, एकटं जाऊन नाही. लहान्याकडं शेरडं. सकाळी सोडणं, पाणी, संध्याकाळी मोजून आत घेणं. दुसरी अट, हे (म्हणजे मी) पहिले आठ दिवस गावी फिरकायचं नाही. नाहीतर डब्यासारखं शेरडू पण हेच घरी आणून पोचवतील."

दुसरी अट मला फार टोचली नाही असं म्हणालो, तर ती हसली.

बहार

वहिनींना नमस्कार सांगा. फॅटची पावती ही उत्तम कल्पना, दोन वेळच्या दुधात फॅट वेगळी का लागते हे मुलगी स्वतःच विचारायला लागेल.

फक्त तीन गोष्टींपासून मुलांना लांब ठेवा, आज्जा कितीही म्हणोत की आम्ही लहानपणी करत होतो. फवारणीचा पंप आणि औषधाचे रिकामे डबे. चालू मळणी यंत्र. आणि शेततळं. विहिरीला सगळे भितात, शेततळ्याला कुणी भीत नाही, कारण ते उथळ दिसतं. खाली प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ धरतं, आणि पाय घसरला की पोहता येणाऱ्यालासुद्धा वर चढता येत नाही. चारी बाजूंनी कुंपण पाहिजे, आणि काठाला खुंटी ठोकून तिला गाठी मारलेला जाड दोर बांधून पाण्यात सोडलेला पाहिजे, ट्यूब असली तर आणखी बरं. तुमच्या शेजारच्या रानात जरी तळं असलं तरी मुलं निघायच्या आधी आज्ज्यांना फोन करून दोर आहे का ते विचारा. नसला तर मला सांगा, मंगळवेढ्याला परवा माझी फेरी आहे, टाकून येतो.